अळी सापडली, फोटो काढला, तरी नाव का लागत नाही?

पायवाटेवर एक सुरवंट लगबगीनं चाललाय. काळा, अंगभर केस, दोन्ही कडांना नारिंगी ठिपके. कुणीतरी वाकतं, मोबाइलनं वरून एक फोटो काढतं आणि पाठवतं, "ही अळी कोणती?" असे फोटो मला वर्षभर येत असतात आणि बऱ्याच जणांना मी एकच उत्तर देते, यावरून नाही सांगता येणार. समोरच्याला वाटतं, हिला येत नाहीये म्हणून टाळतेय. (कधीकधी तेही खरं असतं.) पण बहुतेक वेळा फोटो झकास असतो, फक्त नाव लावायला जे लागतं ते सोडून बाकी सगळं त्यात असतं.

आधी थोडा दिलासा देते. जगात फुलपाखरं आणि पतंग मिळून सुमारे १ लाख ६० हजार प्रजातींना नावं मिळाली आहेत. त्यात फुलपाखरं साधारण १८ हजार. म्हणजे रानात भेटलेली अनोळखी अळी बहुधा पतंगाची असणार, फुलपाखरांचं पुस्तक उलटंपालटं करून ती मिळायची नाही. शिवाय कितीतरी पतंगांचा फक्त प्रौढ कीटक माहीत आहे, त्यांची अळी कशी दिसते हे कुणी नोंदवलेलंच नाही. तेव्हा नाव लागलं नाही तर दर वेळी चूक तुमचीच असते असं नाही. बाकीच्या वेळी मात्र गाडी त्याच चार-पाच ठिकाणी अडते.

मुळात ती अळी आहे का?

इथे आपली भाषाच घोळ घालते. फुलपाखराचं पिल्लू अळी, फळात निघणारं माशीचं पिल्लूही अळी, मातीतली हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचं पिल्लू, तीही अळीच. आपल्याला हवी ती फक्त पहिली. त्यासाठी पाय मोजायचे.

अळीला हलकेच बाजूनं बघा. डोक्यामागच्या तीन वलयांवर टोकदार, सांधे असलेल्या खऱ्या पायांचे तीन जोड. त्यानंतर थोडी मोकळी जागा. मग पोटाखाली मऊ, बुटक्या, मांसल पायांचे चार जोड आणि अगदी शेपटाशी आणखी एक. मांसल पायांचे हे पाच जोड म्हणजे कमाल मर्यादा. सहा किंवा त्याहून जास्त मोजले गेले तर ती सॉफ्लाय नावाच्या कीटकाची अळी, गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातली. तिच्या खऱ्या पायांमागची मोकळी जागाही जेमतेम एका वलयाची असते, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना मण्यासारखा एकेक ठळक डोळा असतो. पतंग-फुलपाखराच्या अळीला तिथे साधारणपणे सहा-सहा बारीक ठिपके असतात. भिंग असेल तर मांसल पायाचा तळवा बघा. पतंगाच्या अळीच्या तळव्याला बारीक आकड्यांची ओळ असते, त्या आकड्यांनीच ती फांदीला घट्ट धरून बसते. सॉफ्लायच्या पायांना आकडे नसतात.

हे मी शहाणपणानं सांगतेय खरं, पण सुरुवातीला एका हिरव्या अळीसाठी मी आठवडाभर पतंगांची चित्रं चाळली होती. पानाच्या कडेवर आठ-दहा जणी ओळीनं बसलेल्या, धक्का लागला की सगळ्या एकदम शेपूट वर उचलायच्या. पाय मोजायचं सुचलं तोवर आठवडा गेला होता. सॉफ्लायच निघाली.

पाय मोजण्याचा दुसरा फायदा म्हणजे अळी खरी असेल तर तिचं कूळही बऱ्याचदा तिथेच सापडतं. मांसल पायांचे दोनच जोड, दोन्ही मागच्या टोकाला, आणि चाल वीत घालून जमीन मोजल्यासारखी असेल तर जिऑमेट्रिडी कुळातली. तीन जोड आणि पाठीला थोडीच कमान, तर उंटअळ्यांपैकी. पाय दिसतच नाहीत, गोगलगायीसारखी पोटावर घसरत चालते आणि अंगावर काट्यांचे झुपके आहेत, तर ती लिमॅकोडिडी कुळातली, म्हणजे आपण घोणस अळी म्हणतो ती. तिला बोट लावू नका. त्याबद्दल पुढे.

झाडाचा फोटो कुठाय?

माझं सगळं गाऱ्हाणं खरं तर एवढंच आहे. अळी कशी दिसते यापेक्षा ती काय खात होती हे कळलं की काम निम्म्याहून जास्त झालेलं असतं. बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत कमालीच्या नखरेल असतात. एखादं झाड, फार तर एका कुळातली चार झाडं. ती नाही मिळाली तर समोर हिरवागार पाला असूनही उपाशी मरतील. त्यामुळे झाडाचं नाव कळलं की हजारो शक्यतांच्या जागी पंधरा-वीस उरतात.

मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीनं हे साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. अळ्या स्वतः पाळून तिनं १६७९ मध्ये चित्रांचं पुस्तक काढलं आणि त्यात अळी, कोष आणि पतंग हे सगळं त्या अळीच्या खाद्य वनस्पतीवरच रंगवलं. आज आपल्या हातात तिच्यापेक्षा शंभरपट चांगला कॅमेरा आहे, आणि आपण अळी तळहातावर घेऊन फोटो काढतो. तळहात कुणाचीच खाद्य वनस्पती नाही.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं जगभरच्या अशा नोंदी एकत्र केल्या आहेत, कुठली अळी कशावर वाढते याच्या. त्यात सुमारे २२ हजार प्रजाती आहेत. वर दिलेल्या आकड्याच्या शेजारी हा ठेवून बघा, म्हणजे अजून किती बाकी आहे याचा अंदाज येईल आणि तुमची एक साधी नोंदही किती मोलाची ठरू शकते हेही.

आता झाडानं काम कसं होतं ते बघू. रुईवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी दिसली. पाठीवरून मऊ काळी शिंगं निघालीत. ती मोजा. तीन जोड, म्हणजे पुढे, मध्ये आणि शेपटाशी एकेक, तर प्लेन टायगर. दोनच जोड, फक्त पुढे आणि मागे, तर जगप्रसिद्ध मोनार्क, अर्थात तुम्ही असता तिथे मोनार्क होत असेल तरच. कण्हेरीवरच्या तशाच दिसणाऱ्या अळीला चार जोड असतील तर कॉमन क्रो. तिन्ही चिकाच्या झाडांवर वाढणाऱ्या. झाड आणि शिंगांचे जोड एवढ्यावर निकाल लागतो, पट्ट्यांचा रंग बघायचीही गरज पडत नाही.

झाड तेच असलं तरी गफलत होऊ शकते. एरंडावर गुळगुळीत अंगाची उंटअळी मिळते, ती पतंगाची. त्याच एरंडावर फांद्या फुटलेल्या काट्यांची अळी मिळते, ती कॉमन कॅस्टर फुलपाखराची. म्हणून झाडानं यादी छोटी करायची आणि अंगावरच्या खुणांनी शेवट करायचा. हा क्रम उलटा केला की फसगत ठरलेली.

झाड ओळखता येत नसेल तर त्याचे फोटो घ्या. पान वरून, पान खालून, देठावर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल किंवा फळ असल्यास ते, आणि पान तोडल्यावर चीक येतो का तेही लिहून ठेवा. अळी खात असताना दिसली का? की नुसती बसली होती? भिंतीवर, दगडावर, पायवाटेवर सापडलेली अळी बहुधा पोटभर खाऊन कोषासाठी जागा शोधायला निघालेली असते. ती ज्या गवतावरून चाललीय त्या गवताशी तिचा काही संबंध नसतो. अशा वेळी "झाड माहीत नाही" असं स्पष्ट लिहावं. चुकीचं झाड लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणखी एक नजरेतून निसटणारी गोष्ट म्हणजे मुंग्या. चपटी, लहानशी अळी आणि तिच्याभोवती मुंग्यांचा पहारा, पण मुंग्या तिला काही करत नाहीयेत, असं दिसलं तर लायकेनिडी कुळातल्या छोट्या निळ्या फुलपाखरांकडे वळा. त्यांच्यातल्या बऱ्याच अळ्या अंगातून गोड द्राव देतात आणि मुंग्या त्या बदल्यात राखण करतात. मुंग्यांना फुंकर मारून हाकलून मग फोटो काढलात तर पुरावाच पुसलात.

"पण रंग तर हुबेहूब जुळतोय!"

नसेल जुळत. म्हणजे रंग जुळत असेल, अळी नसेल. घाटेअळी हिरवी, तपकिरी, पिवळट, गुलाबीसर, कशीही सापडते आणि ती एकाच प्रजातीची असते. कण्हेरीवरच्या ओलिएंडर हॉक मॉथची हिरवीगार अळी कोषात जायच्या आधी तपकिरी-नारिंगी होते. लिंबाच्या झाडावरची लाइम बटरफ्लाय लहानपणी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवी. एकाच झाडावर दोन्ही बघून लोक दोन वेगळ्या नावांच्या शोधात निघतात.

याहून गमतीचं उदाहरण अमेरिकेच्या नैऋत्य भागातलं आहे. नेमोरिया ॲरिझोनारिया नावाच्या पतंगाच्या वसंतातल्या अळ्या ओकच्या लोंबत्या फुलोऱ्यावर वाढतात आणि फुलोऱ्यासारख्याच दिसतात. उन्हाळ्यातल्या पिढीला पानं खावी लागतात, तर त्या काटकीसारख्या होतात. एरिक ग्रीन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की हा फरक अन्नामुळे पडतो. फुलोरा खाल्ला तर फुलोरा, पान खाल्लं तर काटकी!

मग बघायचं काय? घडण. शेपटावर शिंग आहे का? असेल तर आधी हॉक मॉथ आठवावा, पण रेशमाच्या अळीलाही छोटं शिंग असतं हे विसरू नये. (हे शिंग डंख मारत नाही, उगाच घाबरू नका.) केस साधे आहेत, झुपक्यांत आहेत की काट्यांना फांद्या फुटल्यात? डोकं अंगाच्या रंगाचं आहे की वेगळं, त्यावर काही चिन्ह आहे का? मक्यावरच्या लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ असते आणि शेपटाकडच्या आठव्या वलयावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. नुसता उलटा वाय इतर अळ्यांवरही दिसतो, दोन्ही खुणा एकत्र हव्यात. वरून काढलेल्या एकुलत्या फोटोत यातलं बरंचसं येत नाही. म्हणून वरून, बाजूनं, तोंडासमोरून आणि शेपटाकडून असे चार फोटो काढा, आणि एकात शेजारी मोजपट्टी ठेवा.

ॲप दर वेळी वेगळं नाव सांगतं

ॲपला दोष देण्याआधी त्यानं काय सांगितलं ते नीट वाचा. एकाच अळीच्या तीन फोटोंना तीन नावं आली, पण तिन्ही एकाच कुळातली असतील, तर कूळ धरून चाला आणि प्रजाती सोडून द्या. तिन्ही नावं तीन कुळांतली असतील तर फोटोत ओळखीची खूणच नाही, नवा काढा. ॲपनं ज्या अळ्यांचे फोटो भरपूर पाहिलेत ती नावं ते आधी पुढे करतं, त्यामुळे दुर्मीळ अळीच्या गळ्यात शेजारच्या सर्रास दिसणाऱ्या अळीचं नाव पडतं. आलेलं नाव घ्या आणि दोन प्रश्न विचारा. ही प्रजाती या भागात होते का? या झाडावर वाढते का? दोन्हींना "हो" आलं तर पुढे जा. एकालाही "नाही" आलं तर नाव कितीही गोंडस वाटलं तरी सोडा. आयनॅचरलिस्टसारख्या, लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात अशा संकेतस्थळावर नोंद टाकताना सरळ "पतंग, कूळ अमुक" एवढंच टाकलं तरी चालतं, पुढचं माणसं बघून देतात.

अळी अगदी बारकी असेल तर कुठलंच ॲप आणि कुठलाच जाणकार कामाचा नाही. पुस्तकांतली चित्रं सहसा शेवटच्या टप्प्यातल्या अळीची असतात. बहुतेक अळ्या कोषात जाईपर्यंत चार-पाचदा कात टाकतात आणि मधल्या रूपांचा एकमेकांशी मेळ लागतोच असं नाही. टप्पा कुठला हे लांबीवरून ठरवू नका, आज खाल्लेल्या पानानं ती उद्या लांब झालेली असते. डोकं बघा. डोक्याचं कवच कडक असतं, दोन कातींच्या मधल्या काळात ते वाढत नाही, आणि दर कातीला अंदाजे दीडपटीच्या जरा आत रुंदावतं. हॅरिसन डायर यांनी १८९० मध्ये हे मोजमाप मांडलं, अजून वापरात आहे. गळून पडलेलं डोक्याचं कवच डब्यात सापडलं तर फेकू नका.

हात लावला आणि आग व्हायला लागली

चोळू नका. केस त्वचेत मोडून बसलेले असतात, चोळलं की आणखी आत जातात. त्या जागेवर चिकटपट्टी लावून ओढून काढा, नव्या तुकड्यानं दोन-तीनदा. मग साबण-पाण्यानं धुऊन गार पट्टी ठेवा. केस डोळ्यात गेले, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा दुखणं वाढतच गेलं तर थेट डॉक्टरकडे. बहुतेक अळ्या निरुपद्रवी आहेत हे खरं, पण दक्षिण अमेरिकेतल्या लोनोमियाच्या काट्यांनी रक्त गोठणं बिघडून माणसं दगावली आहेत, आणि तिच्या विषावरचं प्रतिविष ब्राझीलच्या बुटांटन संस्थेत बनवावं लागतं. नाव माहीत नसलेल्या केसाळ किंवा काटेरी अळीला काडीवर चढवावं, बोटावर नाही. टाकलेल्या कातीतले आणि रिकाम्या कोषावरचे केसही तितकेच चावरे असतात.

काहीच जमलं नाही तर पाळून बघा

शेवटी खात्रीचा उपाय हाच. संरक्षित जंगल असेल तर अळी उचलायची नाही, बाकी ठिकाणी एकच उचलावी. स्वच्छ डबा, तळाला कागद, तोंडाला ताणून बांधलेलं पातळ कापड. रोज त्याच झाडाची ताजी पानं द्या आणि रोज लेंड्या झटका. कोवळी फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसानं घट्ट बुजवा. नाहीतर अळी फांदीवरून उतरत उतरत पाण्यात जाते आणि सकाळी बुडालेली मिळते. अळीला पाणी लागत नाही, डब्यात दव जमू लागलं तर ते उलट जीवघेणं असतं.

मध्येच एखादा दिवस ती खाणं सोडून गप्प बसेल. डोकं अंगाच्या मानानं छोटं दिसायला लागेल आणि त्याच्यामागे मानेवर फुगीर गाठ आल्यासारखं वाटेल. ते आतलं नवं डोकं. कात टाकायची तयारी चाललीय, तिला हलवू नका, जुनं पान बदलायचं असेल तर ती बसलीय तेवढा तुकडा कापून तसाच ठेवा. शेवटच्या टप्प्यात पातळ विष्ठा झाली आणि ती डबाभर सैरावैरा फिरायला लागली की कोषाची वेळ आली. फुलपाखराची असेल तर काडी द्या, हॉक मॉथसारखी असेल तर चार बोटं ओलसर माती. कोष दोन आठवड्यांत उघडेल किंवा पुढच्या ऋतूपर्यंत तसाच राहील. तो उघडेल तेव्हा वर चढायला खडबडीत काडी हवी, पंख खाली लोंबल्याशिवाय ताठ होत नाहीत.

अळीपासून सुरुवात करून पतंगापर्यंत जाण्याची ताकद किती असते ते कोस्टा रिकात दिसलं. तिथल्या ग्वानाकास्तेमध्ये डॅन जॅन्झन आणि त्यांचे सहकारी १९७८ पासून अळ्या पाळून नोंदी ठेवत आलेत. ॲस्ट्राप्टेस फुल्जरेटर हे फुलपाखरू अठराव्या शतकापासून एकच मानलेलं, प्रौढ सगळी सारखीच. पण अळ्या वेगवेगळ्या रूपाच्या, वेगवेगळ्या झाडांवरच्या. २००४ मध्ये डीएनए तपासल्यावर त्यात दहा प्रजाती दडल्याचं त्यांनी मांडलं. फुलपाखराच्या पंखांवर जे दिसत नव्हतं ते अळ्या आणि त्यांची झाडं आधीपासून दाखवत होती.

आता माझी एक फजिती. एका हिरव्या अळीच्या पाठीवर पांढरे, तांदळाएवढे दाणे उभे चिकटलेले होते. मी आनंदानं लिहून ठेवलं, "अळीनं अंडी घातली." अळी म्हणजे पिल्लू, ती अंडी घालणार कुठून! ते दाणे होते तिच्या अंगात वाढून बाहेर पडलेल्या परजीवी गांधीलमाश्यांचे कोष. अळी मेली, पतंग काही निघाला नाही, डब्यात डासाएवढ्या काळ्या माश्या भिरभिरत राहिल्या. त्या मी कुपीत घालून एका अभ्यासकाला दाखवल्या. त्यांनी भिंगातून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "या कुठल्या अळीतून निघाल्या? आणि अळी कुठल्या झाडावर होती?" या माश्याही ठरावीक अळीवरच वाढतात, अळीचं नाव कळल्याशिवाय त्यांचं नाव लावणं अवघड.

डब्यावरच्या चिठ्ठीत मी तारीख घातली होती, आणि खाली फक्त "हिरवी अळी".